कानावरचा गुलाल

चैत्रात हलगी कडाडायला लागली की मी गावात थांबत नाही. जनावरांच्या व्यापाऱ्याला सबब शोधावी लागत नाही, कुठल्या ना कुठल्या गावाचा बैलबाजार असतोच. बैल हाकत मी शेवगावच्या वाटेला लागतो आणि मागचा आवाज पुरता विरेपर्यंत त्यांना पाणीसुद्धा दाखवत नाही. जत्रा पांगली, देवळापुढची पालं उठली, की परत येतो. लोक म्हणतात, गणपतराव धंद्याचा पक्का, जत्रेच्या दिवशीही बाजार सोडत नाही. म्हणोत.

यंदा ही सोय राहिली नाही. यंदा सगळं ऐकावं लागलं.

या दिवसांत आमच्या पूर्व भागात माणसाला काम नसतं. ज्वारी खळ्यावरून घरात गेलेली असते, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, काळी रानं भेगाळून पडलेली असतात. नदीत नुसती वाळू. कडुलिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो, त्याचा कडसर गोड वास दुपारच्या झळीबरोबर घरात शिरतो आणि त्याच्या मागोमाग तालमीतल्या मातीचा वास. जत्रेतल्या कुस्त्यांना आमच्याकडे हगामा म्हणतात. हगाम्यासाठी तालमीतली माती उकरून, चाळून, नदीकाठच्या आखाड्यात नेऊन टाकतात. त्या मातीत वर्षभर तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस जिरलेला असतो. घाम तर असतोच. वरून तांबडी काव आणि गुलाल. लहानपणी त्या वासानं मला भूक लागायची. आता तो वास आला की हात आपोआप उजव्या कानामागे जातो. मग बोटं डोळ्यांसमोर धरून मी बघतो. बोटांना काही लागलेलं नसतं.

सखाराम माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. वडील लवकर गेल्यामुळे घरात तोच कर्ता होता, पण कर्त्याचा ताठा त्याच्यात नव्हता. पहाटे तालमीतून आला की सारवलेल्या जमिनीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उठायचे, दारापासून चुलीपर्यंत. आई रोज करवादायची, "पाय धुवून ये म्हनलं तर याच्या कानात बोळं." दादा तसाच चुलीशी बसून भाकरी मागायचा. तो गेल्यावर आईनं घर सारवलं ते एकदम पुढच्या सणाला. तोवर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एक टाच आणि थोडा अंगठा राहिला होता. आम्ही दोघंही तेवढी जागा ओलांडून जात असू.

हुसेन त्याचा मित्र. दोघांनी गुरं बरोबर राखली, बरोबर शाळा सोडली. हुसेनच्या चुलत्याचा काठीचा आखाडा होता. मोहरमात ताबुतापुढे त्यांची माणसं टोकांना गोळे लावलेला बाणा आणि काठी फिरवत, आणि हुसेन मध्ये आला की बघणारे आपोआप चार पावलं मागे सरकत. त्याची काठी दिसायची नाही. हवेत एक गोल दिसायचा आणि भुंग्यासारखा आवाज यायचा. दादाला त्याचं भारी कौतुक. नदीच्या वाळूत हुसेन त्याला पवित्रे शिकवायचा आणि दादा हुसेनला उचलून वाळूत आपटायचा. "तुजी काठी म्हंजी वाऱ्याला मारनं," दादा म्हणायचा. "आन् तुजी कुस्ती म्हंजी घामाघूम हून गळ्यात पडनं," हुसेन म्हणायचा. मग दोघं एकाच फडक्यातली भाकरी खायचे. कोण श्रेष्ठ हे त्यांना कधी ठरवावंसं वाटलं नाही. ठरवायचं होतं ते तात्याच्या ओट्यावर बसणाऱ्यांना.

तात्या तंबाखूवाला. त्याच्या दुकानापुढे लिंबाची सावली आणि सावलीत दगडी ओटा. चैत्राची दुपार घालवायला याहून बरी जागा गावात नव्हती. तात्या कुस्तीच्या बाजूचा. समोर लक्ष्मण शिंपी, तो काठीच्या बाजूचा. तात्यानं जन्मात कधी लंगोट कसला नव्हता आणि शिंप्यानं कुत्रं हाकलायला उचलली असेल तेवढीच काठी.

"काठीवाल्याम्होरं पैलवान म्हंजी मळनीचा बैल," शिंपी सुरू करायचा. "एक हानली की बसला."

"आन् काठी हातातनं गेली मग? मग काय तुजी मापाची टेप घिऊन लढायचं का?"

"दहा जनांनी घेरलं तर तुजा पैलवान एकाला चीत करील. बाकीचं काय पान खात बसत्यात?"

"आन् बोळात गाठलं तर तुजी काठी भितीला आडकंल. मग भितीच्या पाया पड."

ओट्याच्या टोकाला पहिल्या जर्मन लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला एक म्हातारा बसायचा. एकदा त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, "आमच्या पलटनीत लई मोठा पैलवान हुता. तोफंचा गोळा आला. पैलवान ग्येला. त्येच्या बाजूला भाकरी भाजनारा हुता, त्यो बी ग्येला."

"त्ये येगळं," तात्या आणि शिंपी एका सुरात म्हणाले, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन भिडले.

तेव्हा दुसरी लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, गावातली पोरं नगरच्या छावणीत भरती होत होती. आणि आमच्या ओट्यावर काठी मोठी का कुस्ती मोठी.

माझ्याकडे कधीकधी गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, सगळ्यात चांगला बैल कुठला? मी लगेच ओळखतो, याला बैल घ्यायचा नाही, बाजार बघायचा आहे. ज्याला घ्यायचा असतो तो आधी आपल्या जमिनीचं बोलतो. काळी आहे का मुरमाड, मोट ओढायची का गाडीला जुंपायचा, घरी चारा किती, जुंपणारा हात नरम का कडक. खिलार पळायला वारा, पण आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात, भाताच्या चिखलात उभा केला तर खूर घेऊन बसेल. तिकडचा डांगी पावसात दिवसदिवस भिजत राबतो आणि आमच्या उन्हात जीभ काढतो. यात श्रेष्ठ कोण? ज्याच्या त्याच्या रानात जो तो. एवढं कळायला मला व्यापारात पडावं लागलं, पण यात कळण्यासारखं फार काही नाही. काठी अंतर राखायला शिकवते. रानातून एकट्यानं येणाऱ्याची ती सोबत. कुस्ती अंतर संपवायला शिकवते. पाठ लागली की सोडायचं, हात देऊन उठवायचं, हेही तीच शिकवते. या दोन्हींची तुलना म्हणजे नांगर मोठा की पाभर, असं विचारणं. नांगरानं पेरता येत नाही आणि पाभरीनं ढेकूळ फुटत नाही. पण ज्याला ना नांगरायचं ना पेरायचं, त्याला या प्रश्नावर जन्म काढता येतो.

आणि असा जन्म काढणारा माणूस निरुपद्रवी असतो असं मला वाटायचं. तसं ते नसतं. कधीतरी त्याला पुरावा हवासा वाटतो, आणि पुरावा म्हणून तो स्वतःची मान पुढे करत नाही.

त्या वर्षी ओट्यावर ठरलं की हगाम्यात मानाच्या कुस्तीआधी काठी आणि कुस्तीचा सामना लावायचा. कुस्तीकडून सखाराम, काठीकडून हुसेन. काठी डोक्याला किंवा खांद्याला लागली की काठी जिंकली. त्याआधी पैलवानाची मिठी बसली की कुस्ती जिंकली. लागली की नाही यावरून पुन्हा वाद नको म्हणून शिंप्यानं युक्ती काढली. काठीच्या टोकाला चिंध्या गच्च बांधायच्या, वरून शिवून टाकायच्या आणि ते बोंडकं गुलालात बुडवायचं. लागली तर रंग उठेल, कोणाला नाही म्हणता येणार नाही. सगळा ओटा या युक्तीवर खूश झाला. शिंप्यानं स्वतः टाके घातले. आखाड्याची माती लाल, हगाम्याच्या दिवशी आपणच तीत टोपल्यांनी गुलाल ओततो, उतरणारा प्रत्येक पैलवान ती माती अंगभर चोळून घेतो, हे एकालाही सुचलं नाही. सुचेल कसं? प्रत्येक जण आपण जिंकलेले बघत होता.

दादाला मी विचारलं, "कशाला जातो या भानगडीत?"

"गंमत हाय रं. हुश्या हाय समोर, कुनी परका हाय का?"

दुपार टळली होती, पण वाळू तापलेली होती. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, नारळाच्या झाल्या, मग हलगी बदलली. दादानं आखाड्याच्या पाया पडून माती कपाळाला लावली, खांद्याला, मानेला, कानांना चोळली. हुसेननं काठी जमिनीला टेकवून सलाम केला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. ते हसू मला स्वच्छ दिसलं, मी दादाचे कपडे धरून अगदी कडेला उभा होतो. मग भुंग्याचा आवाज सुरू झाला. दादा वाकून फिरत राहिला. एकदा आत शिरल्यासारखं केलं आणि मागे आला, लोक ओरडले. दुसऱ्यांदा तो खरंच शिरला. माती उडाली, दोघं खाली गेले, आणि धुरळा बसला तेव्हा दादाचे दोन्ही हात हुसेनच्या कमरेला होते आणि काठी बाजूला पडली होती.

"मिठी बसली," तात्या ओरडला.

"आदी लागली," शिंपी आत धावला. "कान बगा त्याचा, गुलाल हाय."

दादा उठून बसला होता. उजव्या कानावरून मानेपर्यंत लाल होतं. तात्यानं त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं, बैलाचे दात बघताना वळवतात तसं.

"ही माती हाय."

"मातीचा रंग आसा आसतो व्हय? गुलाल हाय गुलाल."

कोणीतरी बोट ओलं करून चोळून बघितलं. बोट लाल झालं. त्यानं ते दोन्ही बाजूंना दाखवलं आणि दोन्ही बाजू समाधानानं ओरडल्या. पंच आले, त्यांनी वाकून बघितलं, त्यांच्यातही दोन तट पडले. गुलाल की माती. माती की गुलाल. तिथं तिसरं काही असेल हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. दादा एक डोळा मिटून हसत होता. मला वाटलं, डोळ्यात माती गेली असेल.

तो चालत घरी आला. पाय न धुता आत गेला आणि आई त्या दिवशी काही बोलली नाही, कारण तो भिंत धरून चालत होता. थोड्या वेळानं ओटा आमच्या दारात आला. तात्या पुढे, शिंपी पुढे, मागे अर्धी जत्रा.

"सखाराम, आता तूच सांग. लागली का न्हाई?"

"वाइच पडू द्या मला," दादा म्हणाला.

"पड की. येवढं सांग आन् पड."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आईनं दार लोटलं तरी दाराबाहेर वाद चालूच होता. त्याला उलटी झाली. मग झोप लागली. बाहेरचे आवाज हळूहळू नदीकडे गेले, मानाची कुस्ती सुरू झाली असावी. शेवगावच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी जुंपत होतो तेव्हा आईनं आतून मला पूर्ण नावानं हाक मारली. एरवी ती मला कधी तशी हाक मारत नसे. दिवेलागणीला दादा गेला होता.

गावानं सांगितलं, ऊन लागलं. पोलीस पाटलाला तेच सांगितलं, पाहुण्यांना तेच सांगितलं. कुस्तीवाले म्हणाले, काठी लागलीच नव्हती, ऊन लागलं. काठीवाले म्हणाले, लागली होती पण चिंधीची, तिनं काय होतंय, ऊन लागलं. वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन पक्षांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं. हुसेन मातीला आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला, आणि त्यानंतर लवकरच गाव सोडून नगरला गेला. छावणीत खेचरांच्या तबेल्यात लागला म्हणून कळलं.

मी दादाच्या बैलजोडीचे कासरे धरून बाजारात उभा राहिलो आणि तिथून वर आलो. कोणी हात दिला नाही, आणि तेच बरं झालं. लोक म्हणतात मी तापट आहे. आहे. एकदा दलालाच्या मुस्कटात दिली आहे. पण सौद्याला पक्का आहे, खोड असलेला बैल खोड सांगून विकतो, म्हणून ज्यानं शिव्या खाल्ल्या तोही पुढच्या बाजारी येतो. या सगळ्या वर्षांत मी गावाकडे एकच मागत आलो. म्हणा, लागली होती. म्हणा, आमच्या डोळ्यांसमोर रक्त होतं आणि आम्ही रंग बघत बसलो. एवढं म्हणायला कोणाचं काय जातं? पण हा एक सौदा मला कधी जमला नाही.

उलट दादाच त्यांच्या कामाला आला. ओट्यावर वाद अडला की कोणीतरी म्हणायचं, "सखारामचा सामना आठवा." तात्याच्या तोंडी तो अजिंक्य पैलवान झाला, शिंप्याच्या तोंडी काठीनं शिवलेला पहिला मोठा गडी. माझ्या भावाला गुरांचा लळा होता, तो रेड्यासारखा घोरायचा म्हणून आई हसायची, त्याला ताकाची कढी आवडायची, यातलं काही कोणाला आठवत नव्हतं. नाव घ्यायचे ते पुरावा म्हणून. लढाई संपली, इंग्रज गेले, इथून चार कोसांवरची निजामाची हद्द पुसली गेली, आणि तात्याचा ओटा होता तिथंच राहिला.

यंदा ते दोघं माझ्याच घरी आले. तात्याला काठी टेकावी लागते आता, आणि ती काठी शिंप्यानं दिलेली आहे. आई आत शेंगा फोडत बसली होती.

"गनपतराव, यंदा चांदीचं कडं ठिवायचं म्हन्तोय. तुमी द्या. सखारामचं नाव लागंल."

"कशासाठी कडं?"

"काठी आन् कुस्ती," शिंपी म्हणाला. "दोन चांगली पोरं तयार हायती. तवा निकाल आर्धवट राह्यला, यंदा लावूनच टाकू."

माझ्या हातातला तांब्या भिंतीवर गेला. दोघंही हलले नाहीत, त्यांना माझी सवय आहे.

"तापू नगा," तात्या म्हणाला. "ऊन लागल्यालं. त्याला कुनाचा इलाज?"

"ऊन नाही. काठी लागली होती त्याला."

शिंप्याचा चेहरा उजळला. त्यानं तात्याकडे वळून म्हटलं, "बग. आता भाऊच म्हन्तोय, लागली."

इतकी वर्षं जे वाक्य मी गावाच्या तोंडून काढू बघत होतो, ते माझ्या तोंडून निघालं होतं आणि त्यांनी ते उचलून आपल्या तागडीत टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे बैल घेऊन बाजाराला गेलो. जत्रेपर्यंत परतायचंच नाही असं ठरवलं होतं. दुपारी एक माणूस माझ्या दावणीपुढे येऊन बसला. दाढीत पांढरं, अंगात खाकी सदरा. त्यानं बैलाकडे पाहिलं आणि उपरण्यासाठी हात पुढे केला. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे बघ्यांना कळत नाही. मी उपरणं टाकलं. आत त्याचा हात आला. तो हात मी ओळखला, तळव्यावर काठीचे जुने घट्टे होते. मी त्याच्या बोटांची वाट बघत राहिलो. त्यानं एकही बोट दाबलं नाही, नुसता माझा हात धरला.

"बैल न्हाई घ्यायचा, गनपा," हुसेन म्हणाला.

आजूबाजूचे दलाल आमच्याकडे बघत होते. सौदा अवघड दिसतोय, असं त्यांना वाटलं असेल. हुसेन मान खाली घालून बोलत राहिला. "पुन्ना सामना लावत्यात म्हनं. नगरात कळलं मला. म्हनून आलो. आमचं ठरल्यालं हुतं रं, सखाचं आन् माजं. त्यानं आत यायचं, मी खांद्याला शिवायचं, त्यानं मिठी मारायची, सारं एका टायमाला. बरोबरी. कुनीच हरायचं न्हाई. पर माती नवी टाकल्याली, भुसभुशीत. त्याचा पाय रुतला. खांद्याच्या जागी डोकं आलं."

"लागली?"

"लागली. चिंध्या असल्या तरी हातात कळतं. पर त्यो उटून हसला. आन् आमचं तर ठरल्यालं, बरोबरी म्हनायचं. मी लागली म्हनलो आस्तो तर त्यो हरला आस्ता. म्हनून गप ऱ्हायलो. कानावर लाल हुतं त्ये मला बी गुलालच वाटला. माज्याच काठीचा."

उपरण्याखाली त्याचा हात घामानं भिजला होता. मी माझा हात काढून घेऊ शकत होतो. घेतला नाही.

आम्ही बैलांसकट गावात परतलो. हलगी ऐकू येत होती. तात्याच्या ओट्यावर माणसं बसली होती आणि ती दोन पोरंही, एकाच्या हातात चिंध्या बांधलेली काठी. हुसेननं उभ्याउभ्यानं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तेवढंच आणि तसंच.

आधी तात्या बोलला. "म्हंजी आदीच ठरवून खेळला? सारी जत्रा बसवून?"

"लबाडी झाली ही," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आन् आमी येवढी वर्सं त्योच सामना धरून बसलो."

"मंग त्यो सामना धरायचाच न्हाई. सखारामचं नावच घ्यायचं न्हाई हितनं फुडं."

"न्हाईच घ्यायचं."

शिव्या जिभेवर होत्या. पण माझ्या ध्यानात आलं, हे दोघं रागाच्या भरात माझ्या भावाला सोडून देत होते. मी मागितलेलं त्यांनी दिलं नाही, पण जे धरून ठेवलं होतं ते टाकलं. व्यापारात असं घडतं. समोरचा तुम्हाला हिणवून माल फेकतो आणि तोच माल तुम्हाला हवा असतो. अशा वेळी बोलू नये, उचलून चालू लागावं. त्या पोरांपैकी एकानं काठीच्या टोकाचं बोंडकं बोटानं दाबून बघितलं, पुन्हा एकदा जोर करून दाबलं, आणि काठी ओट्याला टेकवून ठेवली. दोघं उठून गेले. सामना झाला नाही. ओट्यावर लगेच दुसऱ्या कोणाचं उदाहरण निघालं, कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी पैलवानाचं.

हुसेन घरी यायला तयार नव्हता. मी त्याच्या दंडाला धरून आणलं. आई उन्हाच्या झळीत दारातच बसली होती. तिला आता कमी दिसतं. "कोन रं?"

"हुसेन हाय, मावशी."

तिनं त्याला जवळ बसवून घेतलं. मग त्यानं तिलाही सगळं सांगितलं. ठरलेलं, रुतलेला पाय, काठी, गप्प राहिलेलं. मी खांबाला टेकून उभा होतो. आता ती काय म्हणते यावर माझं बारीक लक्ष होतं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. रडली असती तरी चाललं असतं. लागली होती, हे निदान ती तरी मोठ्यानं म्हणेल असं वाटत होतं.

तिनं हुसेनच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई दुखलं आसंल का रं त्याला?"

हुसेननं माझ्याकडे बघितलं. मी कुठेच बघितलं नाही.

"व्हय, मावशी," तो म्हणाला. "लई दुखलं आसंल."

तिनं मान हलवली, हळूहळू, खूप वेळ. मग विचारलं, "तू जेवलास का?" आणि उठायला म्हणून भिंतीकडे हात केला. हुसेननं तिला हात दिला. ती आत गेली आणि चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज यायला लागला.